वकिली, नाटकं, ज्योतिष... आणि उरलाच वेळ तर कादंबरी

मंडळी, आज राजकारण नाही, पीकविमा नाही, पाणीटंचाईही नाही. आज जरा जुनं काढतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. पण अर्धी वाचून सोडू नका, कारण मुद्दा शेवटाकडं आपल्या गावावर येतो.

बीबी, सुलतानपूर, लोणार, मेहकर, दुसरबीड, सिंदखेडराजा या पट्ट्यात बातमीच्या निमित्तानं माझं फिरणं असतं. या फिरण्यात डोक्यात कादंबरी घेऊन जगणारी माणसं मला बरीच भेटतात. कुणी झेडपीचे गुरुजी असतात, कुणी एसटीत वाहक, कुणी कृषी केंद्र चालवणारा, कुणी अंगणवाडी ताई. विषय विचारला तर डोळे चमकतात. पानं किती झाली विचारलं की एकच उत्तर, "लिहायचं तर लय आहे भाऊ, पण टाइमच नाही भेटत."

त्यामागं एक समजूत असते. ती अशी, की खरा कादंबरीकार म्हणजे ज्याला दुसरं कामच नसतं. पुण्या-मुंबईत खोली असते, खिडकीत झाड असतं आणि तो दिवसभर लिहीत बसतो. आपण पोटामागं धावणारी माणसं, आपलं ते काम नाही.

ही समजूत मराठी कादंबरीच्या इतिहासाला धरून नाही. हा इतिहास बहुतेक करून कामाच्या रगाड्यातल्या माणसांनीच घडवलेला आहे. मात्र त्या सगळ्यांना ते सारखं जमलं नाही. का जमलं, का नाही जमलं, हे बघण्यासारखं आहे. आणि सुरुवात करायला पुण्याला जायची गरज नाही. आपला जिल्हाच पुरे.

जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आहे. तिथं श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नावाचे एक वकील राहायचे. शाळेत ज्यांनी मराठी नीट शिकलं त्यांना नाव माहीत असेल. महाराष्ट्रगीत लिहिणारे, ‘सुदाम्याचे पोहे’वाले, ते हेच. जन्म २९ जून १८७१, मृत्यू १ जून १९३४. डेक्कन कॉलेजात शिकून वकिलीची परीक्षा दिली आणि अकोला, खामगाव, जळगाव अशी वऱ्हाडातच वकिली केली.

आता या माणसानं एका आयुष्यात काय काय केलं ते मोजा. दिवसा कोर्ट, पक्षकार, कागद. नाटकं डझनभर. पहिलं ‘वीरतनय’, ते १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलं. ‘मूकनायक’मध्ये दारूचा प्रश्न, ‘मतिविकार’मध्ये विधवाविवाहाचा. म्हणजे करमणूकही आणि समाजसुधारणाही. विनोदी लेख वेगळेच. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही तीन पात्रं घेऊन त्यांनी रूढी-परंपरांची जी खिल्ली उडवली, तिच्यापासून मराठीतल्या आधुनिक विनोदाची सुरुवात धरतात. १९१० मध्ये असे अठरा लेख पुस्तकात आले, १९२३ मध्ये ते बत्तीस झाले. शिवाय समीक्षा. शिवाय कविता. आणि हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, १९१३ मध्ये ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचा ग्रंथ! ग्रहगणिताचा, आकडेमोडीचा. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडं आलं.

हे सगळं कुठं बसून? जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावात. जवळचं रेल्वे स्टेशन नांदुरा. नाटक कंपन्या, मासिकं, छापखाने बहुतेक पुण्या-मुंबईकडं. तेव्हा फोन नव्हते, टपाल होतं. म्हणजे "आपण गावात राहतो म्हणून जमत नाही" ही सबब शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालेली आहे.

पण खरी गोष्ट पुढं आहे. कोल्हटकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. दोन. ‘दुटप्पी की दुहेरी?’ आणि ‘श्यामसुंदर’. दोन्ही १९२५ मधल्या. वयाची पन्नाशी उलटल्यावर, नाटकं, विनोद, समीक्षा, ज्योतिष सगळं झाल्यावर. आज कोल्हटकर म्हटलं की ‘पोहे’ आठवतात, नाटकांची नावं आठवतात. या दोन कादंबऱ्या मात्र मराठीत एम. ए. झालेल्यालाही पटकन सांगता येत नाहीत.

याचं कारण काय? बुद्धी कमी होती असं कुणी म्हणणार नाही. कष्टाची सवय नव्हती असंही नाही. मला दिसतं ते असं. नाटकासाठी कंपनी मागं लागते. तालमी ठरलेल्या असतात, पदं हवी असतात, नट वाट बघत असतात. विनोदी लेख एका बैठकीत नाही तर चार बैठकीत होतो, मासिकाला तो हवाच असतो. कादंबरी मात्र कुणी मागत नव्हतं. तिच्यासाठी दारात कुणी उभं नव्हतं. त्यामुळं ती रांगेत सगळ्यात मागं राहिली आणि तिला मिळालं ते सगळ्यांना वाटून उरलेलं. हा माझा अंदाज आहे, पण तो मला पटतो. कारण आजही आपल्याकडं हेच चालू आहे.

शेतकऱ्यांना एका वाक्यात सांगतो. सोयाबीनमध्ये तूर घेतो ना आपण? सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास निघून जातं, तूर पार जानेवारीपर्यंत उभी असते. पण तिचे तास पेरणीच्या दिवशीच सोडावे लागतात. सोयाबीन वाढल्यावर मग मधी तूर टोचू म्हटलं तर होत नाही. कादंबरी ही तुरीसारखी आहे. उशिरा येणारं पीक आहे, म्हणून तिला जागा आधी लागते.

आता कोल्हटकरांच्या शेजारी आपल्या अगदी जवळच्या दुसऱ्या वकिलाला ठेवा. ना. घ. देशपांडे. मेहकरचे. आयुष्यभर मेहकरात वकिली केली आणि कविता लिहिल्या. त्यांची ‘शीळ’ ही कविता रेकॉर्डवर गायली गेली आणि महाराष्ट्रभर पोचली. तरी पहिला संग्रह आला तो १९५४ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी मिळालं. संग्रह मोजके, घाई कुठंच नाही. कवितेची एक ओळ दोन तारखांच्या मधल्या वेळात मनात घोळवता येते, घरी जाताना पक्की करता येते. कादंबरीचं तसं होत नाही. तिच्यातली पंधरा-वीस माणसं रोज डोक्यात जिवंत ठेवावी लागतात. आठ दिवस खंड पडला की कोण कुणाचा जावई तेच विसरायला होतं. म्हणून नोकरी सांभाळून कविता आणि नोकरी सांभाळून कादंबरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग नोकरी-धंदा सांभाळून कादंबरी लिहून दाखवली कुणी? इथं हरिभाऊंचं नाव घ्यावंच लागतं. हरी नारायण आपटे. जन्म १८६४, खानदेशात पारोळ्याला. मृत्यू १९१९. आणि हे काही फक्त पुणेकरांचे नव्हेत बरं का. १९१२ मध्ये आपल्या अकोल्यात साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हरिभाऊच होते.

त्यांचा दिवस कशानं भरलेला होता बघा. चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडं. जुनी संस्कृत हस्तलिखितं जमवायची, तपासायची, छापायची, हे तिथलं काम. पुणे नगरपालिकेत सभासद, पुढं अध्यक्ष. म्हणजे नळ, गटार, रस्ते, लोकांच्या तक्रारी. आपल्याकडच्या सरपंचाला विचारा, यात दिवस कसा जातो. त्यावर १८९० पासून ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक. ते सत्तावीस वर्षं, १९१७ पर्यंत चाललं.

आणि याच साप्ताहिकानं मराठी कादंबरी घडवली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही ‘करमणूक’मध्येच क्रमशः आली. यमू नावाच्या विधवेनं स्वतः सांगितलेली आपली कहाणी. ‘उषःकाल’, ‘मी’ या कादंबऱ्यांनाही हेच घर मिळालं. दर आठवड्याला अंक निघणार म्हणजे दर आठवड्याला प्रकरण लागणार. नगरपालिकेची सभा असो, घरात आजारपण असो, खिळे जुळवणारा माणूस मजकुराची वाट बघतोय. त्याच्यामागं वाचक वाट बघतोय की यमूचं पुढं काय झालं.

म्हणजे हरिभाऊंनी कादंबरीसाठी वेगळा वेळ शोधलाच नाही. त्यांनी कादंबरी रोजच्या कामाच्या मधोमध आणून बसवली. ती त्यांच्या नोकरीचाच एक भाग झाली. कोल्हटकरांच्या कादंबरीला जे मिळालं नाही ते हरिभाऊंच्या कादंबरीला मिळालं. मागणारा माणूस.

याची किंमतही पडली, तीही सांगितली पाहिजे. हप्त्याहप्त्यानं लिहिल्यामुळं पाल्हाळ आला, ही तक्रार त्यांच्या हयातीपासून आजपर्यंत आहे. ‘सूर्यग्रहण’सारख्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. पण पाल्हाळासकट यमू आज सव्वाशे वर्षांनंतर जिवंत आहे. नीटनेटकी कादंबरी डोक्यात ठेवून न लिहिणाऱ्यापेक्षा पाल्हाळ लावून पुरी करणारा मला मोठा वाटतो.

आणखी एक वऱ्हाडशी नातं असलेला माणूस. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. अमरावतीला शिकले, अमेरिकेत जाऊन कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले आणि परत येऊन ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हातात घेतला. तेवीस खंड, १९२० ते १९२९. नुसतं लिहिणं नाही, तर भागभांडवल उभं करणं, वर्गणीदार गोळा करत फिरणं, माणसं नेमणं, छापखाना बघणं. एखाद्याचा यातच अंत झाला असता. केतकरांनी त्याच काळात आणि त्यानंतर कादंबऱ्याही लिहिल्या. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ वगैरे. टीकाकार म्हणतात त्यांची बांधणी सैल आहे, आणि ते खरंच आहे. पण केतकरांनी एक युक्ती केली. जात, विवाह, कायदा, समाज यांचा जो अभ्यास ते दिवसभर करत होते, तोच कादंबरीत घातला. कादंबरीसाठी दुसरी विहीर खोदली नाही. आहे त्या विहिरीवर दुसरी मोट बसवली.

आमच्या धंद्यातलंही एक नाव घेतो. ग. त्र्यं. माडखोलकर. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे १९४४ ते १९६७ संपादक. रोजच्या दैनिकाचं संपादकपद म्हणजे काय असतं ते मला विचारू नका, मी साधा तालुक्याचा वार्ताहर. पण रात्री अकरा वाजता अपघाताची बातमी येते आणि जेवणाचं ताट बाजूला सारावं लागतं, एवढं मला ठाऊक आहे. माडखोलकरांनी पत्रकारिता करत ‘मुक्तात्मा’, ‘भंगलेलं देऊळ’ आणि पुढं कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या. राजकारण जवळून बघितलेला माणूस, म्हणून त्यांच्या कादंबरीतही राजकारण आलं. १९४६ च्या बेळगाव संमेलनाचे ते अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला तो त्याच संमेलनात. बातमी, राजकारण, कादंबरी, सगळं एकाच माणसात.

आतापर्यंत सगळी पुरुषांची नावं आली. हे बरोबर नाही, आणि यामागं एक गोष्ट दडलेली आहे. या पुरुषांना लिहायला जो वेळ मिळाला तो आभाळातून पडला नाही. चुलीपाशी कुणीतरी होतं, पोरांना कुणीतरी बघत होतं, आल्या-गेल्याला चहापाणी कुणीतरी करत होतं. ज्यांचा वेळ त्यात गेला त्यांची नावं मुखपृष्ठावर येत नाहीत.

तरी त्या काळात काशीबाई कानिटकरांनी कादंबरी लिहिली. जन्म १८६१. लग्न झालं तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या लोकांचा डोळा चुकवत वाचायला शिकल्या. ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी १९०३ मध्ये पुस्तकरूपानं आली. हरिभाऊ आपटे त्यांना मानत, दोघांचा पत्रव्यवहार होता. काशीबाईंना कोर्ट नव्हतं, कचेरी नव्हती. त्यांना घर होतं. आणि घरकामाला पगार नसतो तशी रविवारची सुट्टीही नसते, हे आपल्या घरात बघितलं तरी कळतं.

आपल्या शेजारच्या वाशीमच्या गीता साने याही विसरू नका. जन्म १९०७. गणित शिकलेल्या, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या. १९३६ मध्ये त्यांची ‘निखळलेली हिरकणी’ आली. नवऱ्याच्या घरात बाईला माणूस म्हणून जागा आहे का, हा प्रश्न त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी रोखठोक विचारला. पुढं चंबळच्या खोऱ्यात जाऊन दरोडेखोरांच्या मुलखावर पुस्तक लिहिलं. वाशीम-बुलढाणा भागात किती मुलींना हे नाव माहीत आहे? माझ्या बघण्यात तरी फार थोड्या.

कुणी म्हणेल, एवढी ओढाताण कशाला, नोकरी सोडून द्यावी आणि फक्त लिहावं. त्याचंही उदाहरण विदर्भातच आहे. उद्धव शेळके. १९६० मध्ये त्यांची ‘धग’ आली. कौतिकची कहाणी. दारिद्र्याशी एकटीनं झगडणारी शिंप्याच्या घरातली बाई, आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी. ही कादंबरी मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत धरतात. पण पुढं लेखणीवरच पोट भरायचं म्हटल्यावर त्यांना लायब्रऱ्यांसाठी कादंबऱ्यांवर कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. शंभराच्या घरात. ‘धग’सारखी दुसरी मात्र लोकांच्या तोंडी राहिली नाही. यात शेळक्यांचा दोष मी मुळीच मानत नाही. मराठीत पुस्तक विकून घर चालणं अवघड होतं आणि आजही आहे. सांगायचं एवढंच की पगार हा कादंबरीचा वैरीच असतो असं नाही. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार लेखकाला "बाजाराला हवं ते लिहिणार नाही" असं म्हणायची मुभा देतो.

याचा पुरावा पुन्हा कोल्हटकरांच्याच घराण्यात सापडतो. घराणं म्हणजे रक्ताचं नव्हे, गुरु-शिष्याचं. कोल्हटकरांना गुरू मानणारे वि. स. खांडेकर १९२० मध्ये कोकणातल्या शिरोडे या खेडेगावात शाळामास्तर म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथंच राहिले. तब्येत नाजूक, शाळेचा व्याप मोठा. तिथं असतानाच १९३० मध्ये ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी आली, मागोमाग ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ आल्या. पुढं ‘ययाती’ आणि ज्ञानपीठ, हे तुम्हाला माहीत आहेच. गुरूनं सगळी क्षेत्रं पालथी घालून शेवटी कादंबरीला हात घातला. शिष्यानं तरुणपणातच शाळेबरोबर कादंबरीचे तास सोडून ठेवले. दोघंही लहान गावात, दोघंही नोकरी-धंद्यात. फरक पेरणीच्या दिवसाचा.

आणि अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. सदानंद देशमुख. आपल्याच जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. शिकवायची नोकरी सांभाळून लिहीत राहिले. २००२ मध्ये ‘बारोमास’ आली, २००४ चं साहित्य अकादमी तिला मिळालं, पुढं तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. शिकलेला, पण पैसे भरून नोकरी घेऊ न शकलेला एकनाथ, त्याचा बाप सुभानराव, कर्ज, नापिकी, घरातली भांडणं. हे सगळं आपल्याच शिवारातलं. शेतकरी आत्महत्येच्या बातम्या त्या काळात शेकड्यानं छापून आल्या. मीही नंतरच्या वर्षांत दिल्या. त्या बातम्यांतली किती नावं आज कुणाला आठवतात? एकनाथ आठवतो.

सरकारी नोकर म्हणतात, "आम्हाला लिहायला बंदी आहे." तसं नाही. प्रशासनात असतानाच विश्वास पाटलांनी ‘पानिपत’ लिहिली, आणि धरणग्रस्तांची फरपट मांडणारी ‘झाडाझडती’ही. १९९२ चं साहित्य अकादमी तिलाच मिळालं. १९७९ च्या वर्तणूक नियमांतही निव्वळ साहित्यिक लेखनाला मोकळीक ठेवलेली आहे.

आता मी ज्यासाठी हे सगळं खरडलं तिथं येतो.

आपल्या या पट्ट्यात गेल्या दहा वर्षांत काय काय झालं आठवा. समृद्धी महामार्ग आला. कुणाची जमीन गेली, कुणाच्या हातात एकदम पैसा आला, भावाभावांत वाटण्यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ त्याच रस्त्यावर लक्झरी बस पेटली आणि पंचवीस माणसं होरपळून गेली. नेते आले, कॅमेरे आले, आठ-दहा दिवसांनी गेले. ऊसतोडीला जाणारी जोडपी, दहावीनंतर पुण्याच्या कंपनीत गेलेली पोरं, लग्नं न जुळणारी तिशीतली शेतकरी मुलं, लोणारच्या सरोवराकाठी बदलत गेलेलं गाव. यातलं बहुतेक बातमीत येतं आणि बातमीबरोबर रद्दीत जातं. शंभर वर्षांपूर्वीची विधवा आपल्याला यमूमुळं कळते. आजचा बीबी-लोणारचा माणूस पुढच्यांना कशावरून कळणार? माझ्या बातम्यांवरून तर नक्कीच नाही. दोनशे शब्दांत तो मावत नाही.

लिहिणारी माणसं आहेत. वेळ कमी आहे हेही खरं, ते मी नाकारत नाही. गुरुजींना शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्याचं काम जास्त, अंगणवाडी ताईला रजिस्टरांचा ढीग, वाहकाला डबल ड्युटी. उरलेला वेळ मोबाइल खातो, तुमचाही आणि माझाही. पण हरिभाऊंपाशीही वेळ नव्हता. त्यांच्यापाशी ‘करमणूक’ होती. आपल्या लिहिणाऱ्यांपाशी आज तसं काय आहे? रविवारच्या पुरवण्या बारीक झाल्या, क्रमशः कादंबरी छापणारं पान जवळजवळ गेलंच. दिवाळी अंक लेखकाला "या तारखेपर्यंत द्या" म्हणून धाक दाखवायचे, तेही लहान होत चालले. आपल्याकडं १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगाव ग्रंथालयांच्या पाट्या आहेत. पण ज्या ग्रंथालयात वर्तमानपत्रापलीकडं कुणी जात नाही, तिथं लिहिणाऱ्याची वाट कोण बघणार?

म्हणून मी हा प्रश्न सार्वजनिक समजतो. "वेळ काढ" असं एकट्या लेखकाला सांगून भागत नाही. त्याच्या दारात कुणीतरी मागायला उभं राहावं लागतं. ते आपण करू शकतो, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. तीन गोष्टी सुचवतो.

एक. ज्या गावात चालू ग्रंथालय आहे तिथं महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. गावातल्या लिहिणाऱ्यानं आपलं एक प्रकरण वाचायचं. पुढच्या महिन्यात पुढचं प्रकरण. लोकांनी "पुढं काय झालं?" विचारलं की माणूस लिहितोच.

दोन. आपल्या भागातल्या साप्ताहिकांच्या मालक-संपादक मित्रांना माझी जाहीर विनंती आहे. वाढदिवसाच्या जाहिराती छापा, माझंही पोट त्यावरच आहे. पण अर्धं पान क्रमशः कादंबरीला द्या. वर्षभर एकाच लेखकाला. लेखक मी शोधून देतो.

तीन. घरातल्यांसाठी. घरात कुणी लिहीत असेल, आणि खास करून ती सून किंवा मुलगी असेल, तर आठवड्यातले दोन तास तिला कुणी हाक मारू नका. भाकरी एक दिवस नवऱ्यानं थापली तर आभाळ कोसळत नाही.

आणि लिहिणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एवढंच. कोल्हटकरांएवढी बुद्धी आपल्यापाशी नाही, पण त्यांच्या कादंबरीचं जे झालं ते आपल्या कादंबरीचं होऊ द्यायचं नाही, हे तर ठरवता येतं? तुरीचे तास आताच सोडा. रोज एक पान, नाहीतर आठवड्याला एक प्रकरण, जमेल ते. पण ठरलेलं.

जळगाव जामोदला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचं कॉलेज आहे. त्या भागातले कुणी विद्यार्थी, प्राध्यापक ही पोस्ट वाचत असतील तर त्या दोन कादंबऱ्यांचा शोध घ्या. तुमच्या ग्रंथालयात आहेत का, शेवटच्या कधी कुणी नेल्या, ते बघा आणि मला कळवा. मिळाल्या तर पहिलं जाहीर वाचन बीबीत करू. जागा मी बघतो, चहा माझ्याकडून.